जुन्या करारातले ‘दुसरे देव’ : प्राचीन यहुदी खरंच एकेश्वरवादी होते का?

पेन्सिलवाली

गेलं वर्षभर मी जुना करार पहिल्या पानापासून ओळीने वाचते आहे. रोज रात्री दोन-तीन अध्याय, हातात पेन्सिल. एकेश्वरवाद जगाला यहुद्यांनी दिला हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे मनाशी तेच धरून वाचायला बसले. आता समासातल्या खुणा इतक्या वाढल्या आहेत की विचारल्यावाचून राहवत नाही.

निर्गमाच्या १५व्या अध्यायात समुद्र पार केल्यावरचं गाणं आहे. त्यात म्हणतात, देवांमध्ये तुझ्यासारखा कोण आहे? कोणते देव? दहा आज्ञांतली पहिलीच घ्या. माझ्यासमोर तुला दुसरे देव नसावेत. दुसरे देव नाहीतच, असं तिथे म्हटलेलं नाही. शास्ते ११ मध्ये इस्राएलाचा पुढारी इफ्ताह अम्मोनच्या राजाला निरोप पाठवतो, त्याचा मतितार्थ असा : तुझा देव कमोश तुला जे देईल ते तू घे, आमचा देव आम्हाला जे देईल ते आम्ही घेऊ. जमिनीच्या वादात एखाद्याने शेजाऱ्याचा सातबारा मान्य करावा तसं वाटलं मला ते.

आणि २ राजे ३. तिथे मी अडकले ती अजून अडकलेलीच आहे. मवाबचा राजा मेशा चहूबाजूंनी कोंडला जातो, तटावर चढून आपल्या थोरल्या मुलाचा होम करतो. पुढचंच वाक्य : इस्राएलावर मोठा कोप झाला आणि ते परत फिरले. कोप कोणाचा? तीन वेळा वाचलं, नाव काही सापडलं नाही.

‘दुसरे देव म्हणजे नुसत्या मूर्ती’ हे उत्तर मला दोन ठिकाणी मिळालं. पण मूर्तीचा कोप होऊन सैन्य माघारी फिरतं का? ज्यांनी हे लिहिलं त्यांना हे देव खरे वाटत होते का, एवढंच मला समजून घ्यायचं आहे.

उशिराचा विद्यार्थी

ताई, तुमच्या खुणा अचूक जागी पडल्या आहेत. मी निवृत्तीनंतर हिब्रू शिकायला लागलो, त्याला आता सात वर्षं झाली. याच ओळींनी मलाही झोपू दिलं नव्हतं.

माझं मत आधी सांगून टाकतो. ‘देव किती आहेत’ हा प्रश्न त्या लोकांनी बराच काळ विचारलाच नव्हता. त्यांचा प्रश्न होता, ‘आपण कोणाचे?’ पहिल्या आज्ञेत हिब्रूत ‘अल् पानाय’ असे शब्द आहेत, शब्दशः ‘माझ्या तोंडासमोर’. ही निष्ठेची भाषा आहे. नवरा-बायकोच्या, राजा-मांडलिकाच्या नात्यातली.

तुमच्या यादीत ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकाचा ३२वा अध्याय, ओवी ८ आणि ९ घाला. आपल्या हातातल्या बहुतेक भाषांतरांत असं आहे की परात्पराने राष्ट्रांना वतनं वाटून दिली तेव्हा ‘इस्राएलाच्या पुत्रांच्या’ संख्येप्रमाणे सीमा आखल्या. आता बघा, राष्ट्रांची वाटणी होत होती तेव्हा इस्राएल नावाचं राष्ट्र जन्मलंच नव्हतं. मग ती संख्या आली कुठून? मृत समुद्राकाठी कुमरानची चौथी गुहा १९५२ मध्ये सापडली, तिच्यात याच ओवीचा एक चामड्याचा तुकडा मिळाला. त्यावर ‘इस्राएलाच्या’ऐवजी ‘देवाच्या पुत्रांच्या’ असं आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात ‘देवाच्या दूतांच्या’ आहे. म्हणजे मूळ चित्र असं दिसतं : प्रत्येक राष्ट्राला एकेक देवपुत्र, आणि पुढच्याच ओवीत याकोबाचं कुळ, म्हणजे इस्राएल, याहवेच्या वाट्याला. याहवे हे इस्राएलाच्या देवाचं नाव. नंतरच्या कोणा नकलकाराला ते खटकलं आणि त्याने एक शब्द बदलला. अख्ख्या ग्रंथात शिवण इतकी उघडी क्वचितच दिसते.

त्यात ७० या आकड्याची गंमत आहे. उत्पत्ती १० मध्ये राष्ट्रं ७० भरतात. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारीत नावाचं शहर होतं, तिथे १९२९ पासून उत्खनन झालं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर देवांचा बाप एल आणि त्याची राणी अथिरत यांचा दरबार आहे, आणि अथिरतला मुलगे आहेत ७०. अथिरत म्हणजे आपल्या जुन्या करारातली अशेराच.

आता मेशाबद्दल. हा राजा खरोखर होऊन गेला. त्याचा शिलालेख पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे, तिथे मी त्याच्यासमोर जवळजवळ तासभर उभा होतो. काळा बेसाल्ट, वरून गोलसर, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा, ३४ ओळी. १८६८ मध्ये धिबान इथे तो अखंड सापडला होता. पुढच्या वर्षी मालकीच्या ओढाताणीत तिथल्या लोकांनी त्याखाली जाळ केला, वरून गार पाणी ओतलं आणि दगडाचे तुकडे झाले. नशिबाने त्याआधी ओल्या कागदावर ठसा घेतलेला होता. आज जवळून पाहिलं की मूळ तुकडे खडबडीत दिसतात आणि मधल्या भरलेल्या जागा गुळगुळीत.

त्यात मेशा काय म्हणतो? कमोश आपल्या भूमीवर रागावला म्हणून इस्राएलाच्या अम्रीने मवाबला बराच काळ छळलं. मग कमोश म्हणाला, जा, नबो गाव घे. मी रात्री निघालो, पहाटेपासून दुपारपर्यंत लढलो, सगळ्यांना मारलं, याहवेची भांडी तिथून उचलून कमोशपुढे ओढत नेली. कत्तल करून देवाला वाहण्यासाठी त्याने जो शब्द वापरलाय, ‘हेरेम’, तोच यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहरासाठी आहे. देवाचं नाव झाकलं तर हा उतारा राजांच्या पुस्तकातला म्हणून खपेल. इ.स.पू. ९व्या शतकात यार्देन नदीच्या दोन्ही काठांवर लोक एकाच पद्धतीने विचार करत होते. प्रत्येक भूमीचा एक देव, तो रागावला की हार, प्रसन्न झाला की जीत. तुमच्या ‘कोप कोणाचा’ या प्रश्नाला मवाबी माणसाने क्षणात उत्तर दिलं असतं. बायबलच्या लेखकाने नाव घेतलं नाही, पण प्रसंग गाळलाही नाही. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला फार आदर वाटतो.

जुनी वही

मी श्रद्धेने वाचणारी आहे, तरी पुरावा टाळणार नाही. काही गोष्टी वरच्या उत्तरात सुटल्या आहेत.

मूळ हिब्रूत ‘देव’साठी जो ‘एलोहीम’ शब्द येतो, त्याचा अर्थ दरवेळी ‘देव’ असा घेऊन चालत नाही. १ शमुवेल २८ मध्ये एनदोरची बाई मेलेल्या शमुवेलाला भूमीतून वर येताना बघते आणि म्हणते, मला एलोहीम दिसतोय. शमुवेल काही देव नव्हता. आपल्या जगापलीकडच्या कोणालाही तो शब्द लागतो. तेव्हा एलोहीम अनेक असले म्हणून याहवेच्या तोडीचे अनेक होते असं ठरत नाही. आणि याच शब्दाचं रूप अनेकवचनी असलं, तरी इस्राएलाच्या देवासाठी येतो तेव्हा क्रियापद बहुधा एकवचनी असतं. उत्पत्तीच्या पहिल्या ओळीतच बघा.

इफ्ताहाचं म्हणाल तर तो शत्रूशी वाटाघाट करतोय. समोरच्याच्या श्रद्धेला धरून बोलणं म्हणजे ती मानणं नव्हे. शिवाय कमोश मवाबचा देव. अम्मोनचा मिलकोम. त्या उताऱ्यावर धर्मसिद्धान्त उभारू नये.

तिसरी गोष्ट माणसांच्या नावांची. यहूदात खोदकामात जे शिक्के आणि लेख मिळाले त्यांतली देवाच्या नावावरून ठेवलेली नावं बहुतांशी याहवेचीच आहेत. यहूदातल्या लाखीश गावची पत्रं आठवा, बाबेलचं म्हणजे बॅबिलोनचं सैन्य दाराशी आलं असताना खापरांवर लिहिलेली. सुरुवातीला आशीर्वाद असतो, माझ्या धन्याला याहवे शुभवर्तमान ऐकवो. दुसऱ्या कोणा देवाचं नाव नाही. घाईत, भीतीत लिहिलेल्या पत्रात माणूस मनातलंच लिहितो. येहेज्केल काउफमन या अभ्यासकाने तर इस्राएलाचा एकेश्वरवाद मोशेपासूनचाच आहे असं मांडलं होतं. आज त्याच्या बाजूने थोडे असतील, पण त्याचा युक्तिवाद वाचल्याशिवाय बाजूला सारण्याजोगा नाही.

कोपऱ्यातला दिवा

दोन बाजूंच्या मध्ये एक शब्द आहे. एकालाच भजायचं पण इतरांचं अस्तित्व नाकारायचं नाही, याला अभ्यासक ‘मोनोलॅट्री’ म्हणतात. मराठीत ‘एकदेवोपासना’ म्हणता येईल. ‘हेनोथिइझम’ वेगळा, तो मॅक्समुल्लरने वेदांच्या संदर्भात रूढ केला : ज्याची स्तुती चालू, तोच त्या घटकेला सर्वश्रेष्ठ. इस्राएलाच्या संदेष्ट्यांना अशी पाळी-पाळीची स्तुती मुळीच चालली नसती, म्हणून हा शब्द इथे लावू नये.

कुंतिलेत अजरूद राहिलं. सिनाईच्या वाळवंटातला थांबा, १९७५-७६ मध्ये खणला. साठवणीच्या मोठ्या रांजणांवर शाईने लिहिलंय : ‘शोमरोनच्या याहवेच्या आणि त्याच्या अशेराच्या नावाने तुला आशीर्वाद देतो.’ शोमरोन ही उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी. काळ इ.स.पू. ८००च्या आसपासचा. शेजारी वासराला पाजणारी गाय, वीणेसारखं वाद्य घेऊन बसलेली एक व्यक्ती.

जुनी वही

ते ‘त्याच्या अशेराच्या’ फार जपून वाचावं लागतं. हिब्रूत विशेषनामाला ‘त्याचा, त्याची’ असा प्रत्यय लागत नाही. त्यामुळे तिथे देवी नसून देवळाजवळ रोवायचा लाकडी खांब असेल. अनुवाद १६ मध्ये वेदीशेजारी अशेरा रोवू नका असं म्हटलंय, ते खांबाबद्दलच.

उशिराचा विद्यार्थी

प्रत्ययाचा मुद्दा बिनतोड आहे, आणि एनदोरचाही. दोन्ही मान्य. फक्त खांब झाला तरी तो कोणाचा, हे उरतंच. २ राजे २३ मध्ये योशीया राजा इ.स.पू. ६२२च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिरातून अशेरा बाहेर काढून किद्रोनच्या ओढ्यात जाळतो, आणि तिथेच लिहिलंय की मंदिराच्या आवारात बायका अशेरासाठी वस्त्रं विणत बसत. नुसत्या खांबासाठी कोणी वस्त्रं विणेल?

स्तोत्र ८२ बद्दल राहिलं. तिथे देव सभेत उभा राहून इतर देवांना सुनावतो : अनाथाला, दुबळ्याला न्याय दिला नाहीत. परंपरेने कित्येकांनी हे ‘देव’ म्हणजे माणसं, न्यायाधीश, असा अर्थ लावला. पण पुढे शिक्षा आहे, ‘तुम्ही माणसांसारखे मराल.’ माणसाला माणसासारखं मरण्याची शिक्षा काय द्यायची? ते स्तोत्र मी देवांच्या मृत्युपत्रासारखं वाचतो. शेवटची ओळ : हे देवा, ऊठ, सर्व राष्ट्रं तुझं वतन आहेत. अनुवाद ३२ मधली जुनी वाटणी इथे रद्द होते. कारणही बघा काय दिलंय. त्यांची ताकद कमी पडली असं कुठे म्हटलेलं नाही. ते गरिबांना पावले नाहीत, म्हणून ते गेले.

आणि मग इ.स.पू. ५८६चा सुमार. बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळलं, लोकांना नेलं. मेशाच्या हिशेबाने प्रश्न मिटला होता. बाबेलचा देव मर्दुक जिंकला, याहवे हरला. हरलेल्या देवाचे लोक जिंकलेल्या देवाच्या गर्दीत विरून जातात, तसे कितीतरी गेले. इथे मात्र हद्दपारीत कोणीतरी, ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही, यशयाच्या पुस्तकाचा ४० पासूनचा भाग लिहितो. ‘मी पहिला, मी शेवटला, माझ्यावाचून दुसरा देव नाही.’ बाबेल याहवेनेच आणलं आणि पारसचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेश याहवेचाच अभिषिक्त. संबंध जुन्या करारात ‘दुसरा नाही’ हे इतक्या ठासून, इतक्यांदा दुसरीकडे कुठे येत नाही. जिंकलेल्या राजाच्या तोंडी हे शब्द आले असते तर ती बढाई ठरली असती. हे आले ते राख झालेल्या मंदिराच्या लोकांकडून. म्हणून माझ्या मते एकेश्वरवाद हा त्यांचा आरंभ नव्हता. तो त्यांनी हरल्यावर मिळवला.

पेन्सिलवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. स्तोत्र ८२ आज पुन्हा वाचलं, आता ते उघडलं.

पण वाचता वाचता यिर्मया ४४ वर आले आणि दुसरंच काही मनात बसलं. मंदिर पडल्यावर इजिप्तला पळून गेलेले लोक. संदेष्टा यिर्मया त्यांना म्हणतो, तुम्ही इतर देवांना धूप जाळलात म्हणून हे झालं. बायका उलट उत्तर देतात : आम्ही आकाशराणीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर अन्न होतं. ते बंद केल्यापासून आम्हाला सगळ्याचीच वाण पडली, तलवारीने आणि दुष्काळाने आम्ही संपलो. आणि तिच्यासाठी आम्ही पोळ्या केल्या त्या काय नवऱ्यांना न विचारता? सातव्या अध्यायात तर ते घरच दाखवलंय. पोरं लाकडं गोळा करतायत, बाप जाळ पेटवतायत, आया कणीक मळतायत.

त्यांनीही तीच हार बघितली होती. त्यांचा हिशेबही आपल्या जागी चोख होता. त्यांचं पुढे काय झालं?

उशिराचा विद्यार्थी

त्याच बायकांचा माग काढता येत नाही. पण यिर्मयाने तो अध्याय ज्या ठिकाणच्या लोकांना उद्देशून सांगितला त्यांत पथ्रोस आहे, म्हणजे वरचा इजिप्त. तिथे अस्वानजवळ नील नदीत एलेफंटाइन नावाचं बेट आहे, त्यावर यहुदी सैनिकांची वसाहत होती. त्यांनी लिहिलेले अरामी भाषेतले पपायरस सापडले आहेत. त्यांचं स्वतःचं याहूचं, म्हणजे याहवेचंच, मंदिर होतं. ते इ.स.पू. ४१० मध्ये उद्ध्वस्त झालं, तेव्हा तीन वर्षांनी त्यांनी यहूदाच्या राज्यपालाला ते पुन्हा बांधू देण्यासाठी पत्र लिहिलं. आपण काही वावगं करतोय असा लवलेशही त्यात नाही. त्याच वसाहतीतली एक वर्गणीची यादी आहे, माणशी दोन शेकेल. शेवटी हिशेब (कर्श हे शेकेलहून मोठं वजन) : याहूसाठी १२ कर्श ६ शेकेल, एशेम-बेथेलसाठी ७ कर्श, अनात-बेथेलसाठी १२ कर्श. अनात ही जुनी कनानी देवी. यशयाचं ‘दुसरा नाही’ लिहून तेव्हा शंभरावर वर्षं झाली होती.

अजून एक. १९४५ मध्ये हर्मोपोलिसला काही अरामी पत्रं सापडली, इ.स.पू. ५००च्या आसपासची. यहुद्यांची नव्हेत, त्यांच्या शेजारी राहणाऱ्या अरामींची. एक पत्र बेटासमोरच्या काठावरच्या सियेनेला, आजच्या अस्वानला धाडलेलं. सुरुवातीला घरच्यांना कळवायचा नमस्कार असतो ना, तसा त्यात तिथल्या देवळांना आहे : बेथेलच्या देवळाला नमस्कार, आकाशराणीच्या देवळाला नमस्कार.