६५० किलोमीटरनंतर टाच दुखतेय : विश्रांती घेऊ की शूज बदलू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सुमारे १,१०० किलोमीटरची वाट चालते आहे. आज २७वा दिवस, ६५० किलोमीटर झाले. पूर्ण विश्रांतीचे दिवस आतापर्यंत दोनच, तेही पावसाने बसवलं म्हणून.

गेले पाच दिवस सकाळची पहिली पावलं टाकताना उजवी टाच खालून, आतल्या बाजूला ठणकते. दहा-पंधरा मिनिटं चाललं की बरं वाटतं, पण दुपारी बसून उठलं की पुन्हा तेच. सूज नाही, फोड नाही.

शूज ट्रेल रनिंगचे, पहिल्या दिवसापासून हेच. वरून अगदी धड दिसतात. खालची नक्षी मात्र चवड्याखाली गुळगुळीत झाली आहे. आतला सोल बदलला तर भागेल का?

बाकी सामानही थकलंय. हवेची मॅट पहाटेपर्यंत बसते, रेनजॅकेट खांद्यांवर पाणी शोषतं, मोज्यांच्या टाचा विरल्या आहेत. सगळं एकदम बदलणं खिशाला परवडणार नाही. आधी काय बदलू? आणि थांबायचं तर किती दिवस? या वाटेची तयारी वर्षभर केली आहे, ती अर्धी सोडायची नाही. पण पाय कायमचा दुखवूनही घ्यायचा नाही.

प्रतिसाद

लक्षणं तळपायाच्या पट्ट्याच्या दुखण्याशी जुळतात (प्लांटर फॅशिआयटिस). पण आधी एक तपासा. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबा. तसं दाबल्यावर जोरात दुखलं, रात्री पडल्यापडल्याही ठणकलं किंवा चालताना कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग चालणं बंद, थेट डॉक्टर. वेदनाशामक गोळी घेऊन पुढे रेटू नका. दुखणं दबतं, इजा चालूच राहते.

तसं नसेल तर निदान तीन दिवस सॅक खांद्यावर घेऊच नका. विश्रांतीच्या दिवशी गाव बघायला म्हणून आठ-दहा किलोमीटर पायपीट होते, तीही नको. पोटऱ्या दिवसातून तीन-चार वेळा ताणा. अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून तळवा ताणून घ्या. गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा.

प्रतिसाद

मी शूजबद्दल लिहितो, कारण मला वाटतं मूळ तिथेच आहे. असे शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात, आणि पाठीवर ओझं असलं की लवकर बसतात. बसतो तो मधला फोम, आणि तो वरून दिसत नाही. शूज सपाट टेबलावर ठेवून मागून डोळ्यांच्या रेषेत बघा. टाच आत किंवा बाहेर कललेली दिसली, फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या असल्या, तर तो जोड संपला. आतला सोल बदलून मेलेला फोम परत येत नाही.

नुसती विश्रांती घेऊन त्याच शूजमध्ये निघालात तर दुखणं चार दिवसांत परत येईल. आणि दुखऱ्या पायावर नवे शूज चढवून लगेच २५ किलोमीटर चाललात, तर दोष शूजचा की पायाचा तेही कळणार नाही. म्हणून विश्रांतीतच ते घरात घालून वावरा आणि पहिले दोन दिवस अंतर निम्मं ठेवा. माप संध्याकाळी, चालायचे मोजे घालूनच घ्या. इतक्या दिवसांत पाय पसरतात, अर्धा नंबर मोठा लागणं नेहमीचंच.

मोजे लगेच बदला, विरलेली टाच म्हणजे उद्याचा फोड. मॅटचं आधी बघा. रात्री हवा गार झाली की मॅट थोडी मऊ पडतेच, ते भोक नव्हे. जमिनीला टेकत असेल तर गच्च फुगवून साबणाचं पाणी फासा, व्हॉल्व्हवरही. बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण करा, सुकवून ठिगळ लावा आणि गोंद पूर्ण वाळू द्या. जॅकेट सॅकच्या पट्ट्यांखाली झिजतंच. ते त्याच्यासाठीच्या द्रवसाबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर नको, आणि लेबल परवानगी देत असेल तर मंद उष्णता द्या. पाणी पुन्हा थेंबाथेंबाने ओघळू लागलं तर नवं घ्यायची गरज नाही. आतला थर सुटला असेल तर मात्र त्याचा भरवसा धरू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टाच दाबून पाहिली, तसं दुखत नाही, रात्रीही त्रास नाही. शूज टेबलावर ठेवले आणि धस्स झालं : उजवा स्पष्ट आत कललाय. इतके दिवस मी पायालाच दोष देत होते.

मॅटची गळती व्हॉल्व्हच्या कडेला सापडली. तीन दिवस थांबते आहे. शूज आणि दोन जोड मोजे घेणार, बाकी दुरुस्ती. एकच शंका : जुने शूज काही दिवस जोडीला ठेवू का, नवे चावले तर?

प्रतिसाद

नको. चावले की तुम्ही जुन्यांवर जाल आणि टाच पुन्हा धरेल. नवे इथेच तीन दिवस घालून बघा. कुठेही घासले तर निघण्याआधीच बदलून घ्या.