शेजारी रिडेव्हलपमेंट सुरू झालंय, आवाजासाठी कुठली खिडकी घ्यावी? (बजेट ४० हजार)

मुलुंडची_माई
मुलुंड ईस्टला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूमच्या खिडकीसमोरच शेजारची बिल्डिंग पाडतायत. सकाळी आठला काँक्रीट फोडणारा ब्रेकर सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत, आणि परवा तर रात्री अकरालाही मशीन चालू होतं. लेक दहावीला, माझं काम घरून, मीटिंगमध्ये मी कायम म्यूटवर. एका खोलीचं बजेट ४० हजार, वर एक रुपया नाही. कोणी खिडकी बदललीय का? आणि तक्रार करायला आवाज मोजायचा कसा?

निवांत_पार्लेकर
डोळे मिटून यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या फ्रेमची, डबल ग्लास. आम्ही अख्ख्या घराला केली, सव्वातीन लाख गेले पण आता खालून वरात गेली तरी टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नाही. ४० हजारात काही होत नाही हो माई, थोडं ताणा.

चष्मिष
+१ डबल ग्लास

खटपट्या
नुसतं डबल ग्लास ऐकून उड्या मारू नका. आमच्याकडे दोन काचांची सरकती बसवून दिली, ट्रॅकच्या ब्रशमधून वारा येतो तिथूनच आवाज येतो, पैसे पाण्यात. उघडणारी घ्या, तिचं रबर दाबून बसतं. काच लॅमिनेटेड मागा, दोन काचांच्या मधे पीव्हीबी या प्लास्टिकचा चिकटलेला थर असतो ती. नेहमीची डबल ग्लास, म्हणजे दोन सारख्या काचा नि मधे १२ मिमी फट, हा मुख्यतः उन्हावरचा उपाय, आवाजाला काचांची जाडी वेगवेगळी हवी. आणि आधी एसीच्या पाइपचं भोक बघा, आमच्या मिस्त्रीने त्यात थर्माकोल कोंबून वर पुट्टी मारली होती!

सोपा_उपाय
एवढा खर्च कशाला, भिंतीला काळा फोम लावा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. मी लावलाय, मस्त दिसतो.

खटपट्या
दिसतो मस्तच. खोलीतला घुमारा कमी होतो त्याने, बाहेरचा आवाज अडत नाही.

जुना_साइटवाला
माझं आयुष्य साइटवर गेलं म्हणून सांगतो. ब्रेकरची धडधड जमिनीतून तुमच्या कॉलममधे चढते, ती कुठल्याच खिडकीने थांबत नाही. पत्र्याचं कुंपण तळमजल्याला थोडं कामाचं, तिसऱ्या मजल्याला आवाज वरून येतो. आवाज मुळाशीच कमी करायला लावा. सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी मागा: पाडकाम शक्य तिथे ब्रेकरने ठोकण्याऐवजी काँक्रीट चावून तोडणाऱ्या क्रशर जबड्याने, खाली पाषाण लागला तर तो तारेने कापणारा वायर सॉ, जनरेटर नि कॉम्प्रेसर तुमच्या विरुद्ध बाजूला आणि आठवड्याचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर. जनरेटरला बंदिस्त कॅनोपी हवीच, एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. बिल्डर सगळं देणार नाही, पण कॉम्प्रेसर हलवायला त्याला फुकटात जमतं. आणि आत्ताच तुमच्या भिंतींचे तारखेसकट फोटो काढून ठेवा, नंतर तडे कोणाचे यावर भांडण होतं.

डेसिबलराव
रात्रीचं आधी बघा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे, त्यातल्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायचीच नाहीत. मोजायची गरज नाही, वेळ दिसेल असा व्हिडिओ काढा नि ११२ ला फोन. दिवसा मर्यादा ५५, पण तक्रार १० डेसिबल किंवा जास्त वर गेल्यावर धरतात, म्हणजे ६५. फोनचं ॲप पुरावा म्हणून टिकत नाही, फरक बघायला चालतं: रविवारी काम बंद असताना आणि सोमवारी ब्रेकर चालू असताना, त्याच जागी, त्याच फोनने. खिडकी उघडी आणि बंद दोन्ही मोजा. बंद करून फारसा फरक पडत नसेल तर काच नाही, फटी बघा. प्रोजेक्टचं बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, तिचा सहामाही अहवाल मागा.

गल्लीतला_वाघ
आणि गणपतीतल्या डीजेचं काय?? तेव्हा कुठे जातात हे नियम

चष्मिष
वाघोबा, दरवर्षी तेच. त्यावर वेगळा धागा काढा.

गल्लीतला_वाघ
काढला होता, उडवला.

निवांत_पार्लेकर
११२ ला फोन करून काही होत नाही, पोलीस येतात, मशीन बंद होतं, ते गेले की चालू. माई, डबल ग्लासच.

डेसिबलराव
होतं. २०१७ मधे कफ परेडला मेट्रो ३ चं रात्रीचं काम हायकोर्टाने थांबवलं होतं.

निवांत_पार्लेकर
कफ परेड ते कफ परेड, मुलुंड ते मुलुंड.

मुलुंडची_माई
सगळ्यांचे आभार. दोन कोटेशनं घेतली, उघडणारी लॅमिनेटेड एका खोलीला ६२ हजार. साइटवाले काकांच्या यादीतलं कॉम्प्रेसरचं काम झालं, बिल्डरच्या इंजिनिअरने तो पलीकडच्या गेटपाशी नेला. ब्रेकर आहे तसाच. पण खिडकी करत नाहीये. काल आमच्याच सोसायटीची सभा झाली, आमचीही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, दोनेक वर्षांत ही खिडकी भंगारात. लेकाला अभ्यासिका लावली, मी आवाज कापणारा हेडफोन घेतला, एसीचं भोक बुजवलं. उरलेले पैसे ठेवले.

खटपट्या
मग नव्या करारात खिडक्यांचं स्पेसिफिकेशन आत्ताच घाला. काचेची जाडी, लॅमिनेटेड, उघडणारी, सगळं आकड्यांत. 'चांगल्या दर्जाची' असं लिहिलं की सरकतीच येते.

निवांत_पार्लेकर
डबल ग्लास लिहा.