युद्धात लाल लिपस्टिक: हिंमत की जाहिरात?

तांबडफुटी (धागाकर्ती)
दुसऱ्या महायुद्धात, १ जून १९४१ ला ब्रिटनमध्ये कपडे रेशनच्या कुपनांवर गेले. माणशी वर्षाला ६६, त्यातली ११ एका लोकरी ड्रेसलाच जायची. लिपस्टिकला कुपन नव्हतं, पण मिळायची मारामार. मग बायका संपलेल्या कांड्यांची बुडं खरवडून, वितळवून पुन्हा नळीत ओतायच्या. नायलॉन पॅराशूटकडे गेलं, तर पोटरीला रंग फासून मागे भुवयांच्या पेन्सिलीने मोज्याची शिवण काढायची. ही रेघ आपली आपल्याला सरळ येत नाही, मैत्रिणीला मागे उकिडवं बसवावं लागतं. रात्री बाँब पडलेल्या गावात सकाळी कामावर निघताना हे करणाऱ्या बाईला नटवी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मी त्याला हिंमतच म्हणेन.

सडेतोड
सहमत नाही. ती हिंमत वापरून घेतली गेली. अमेरिकन मरीन दलातल्या बायकांची लिपस्टिक टोपीवरच्या लाल दोरीशी जुळायला हवी असा दंडक होता, आणि एलिझाबेथ आर्डेन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने नेमका तसा ‘मॉन्टेझुमा रेड’ काढला. हॉलिवूडची नटी व्हेरॉनिका लेक हिचं बघा. एका डोळ्यावर आलेले केस हीच तिची ओळख. कारखान्यातल्या मुली तसेच केस सोडून यंत्रावर उभ्या राहू लागल्या, ते अडकायची भीती, म्हणून सरकारच्या सांगण्यावरून १९४३ मध्ये तिने केस बांधले. मोकळे सोडायला लावणारा स्टुडिओ, बांधायला लावणारं सरकार. यात बाई कुठे आहे?

काजबटण
बाई बेतण्यात आहे! मी शिवणकाम करते म्हणून सांगते. कापड वाचवायला काढलेल्या १९४२ च्या अमेरिकन एल-८५ आदेशाने स्कर्टचा घेर आवळला, खालची दुमड दोन इंचांवर आणली. घेर गेला की सगळी नजर खांद्यावर आणि कमरेवर. त्या ड्रेसची ऐट टंचाईतूनच आलीय. नवऱ्याच्या जुन्या सुटातून बायकी कोट काढायचे तेव्हा. मी एकदा करून पाहिलाय. कोपरावरचा झिजका भाग चुकवता चुकवता डोकं फिरतं.

सडेतोड
तुमच्या हातकामाबद्दल वादच नाही. पण पडद्यावर ही टंचाई दिसते का? १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने गेली. अंगावर धड वस्त्र नाही म्हणून बायकांना घराबाहेर पडता येईना. त्याच वर्षांतले झगझगीत टेक्निकलर (रंगीत) सिनेमे बघून आपण ‘काय सुंदर काळ’ म्हणतो, तेव्हा मला ते ऐकवत नाही.

तांबडफुटी
बंगालचं पूर्ण मान्य. काळ सुंदर होता असं मी म्हणतच नाहीये. पण १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत पहिली भारतीय नटी आली ती लीला चिटणीस. पदवीधर, मुलांचा भार स्वतःच्या कमाईवर ओढणारी. साबण विकला गेला, खरंय. पण ‘सिनेमातली बाई’ म्हटलं की नाक मुरडणाऱ्या घरांतही तिचा फोटो पोचला. त्याचं मोल तुम्ही शून्य धरता, तिथेच आपलं जमत नाही.