परदेशात शिकताना शनिवार-रविवारी कुठे गेलात? अनुभव लिहा

परवा भाचीचा एडिनबराहून फोन आला. मास्टर्सला जाऊन तिला आठ महिने झाले, पण विद्यापीठ, खोली आणि किराणा दुकान यापलीकडे तिने अजून काही पाहिलेलं नाही. का, तर "मावशी, कर्ज काढून आलेय गं, फिरण्यावर पैसे घालवायला मन धजत नाही." तिला म्हटलं, थांब, जे जाऊन आलेत त्यांनाच विचारते. म्हणून हा धागा. शिकत असताना सुट्टीच्या दोन दिवसांत तुम्ही कुठे गेलात, किती पैशांत गेलात, काय चुकलं, काय डोळ्यांत राहिलं, ते लिहा. महिनाभराची युरोप टूर नको. शुक्रवारी सबमिशन टाकून निघालात आणि सोमवारी सकाळी लेक्चरला हजर, असलं लिहा.

सुरुवात मीच करते. २००९ ते २०११ मी आखेनला होते. तेव्हा जर्मनीत शनिवार किंवा रविवारसाठी 'शोनेस वोखेनेंडे' नावाचं तिकीट मिळायचं. एका तिकिटावर पाच जण, दिवसभर देशात कुठेही. अट एकच, थांबत थांबत जाणाऱ्या प्रादेशिक गाड्याच घ्यायच्या. माणशी दहा युरोंच्या आत पडायचं. (२०१९ मध्ये ते बंद झालं.) आम्ही चौघी मराठी आणि पाचवी शेजारच्या खोलीतली इराणी मैत्रीण. पहाटे उठून पोळ्या केल्या. पीठ तुर्की दुकानातलं, लाटणं नव्हतं म्हणून काचेची बाटली. बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, डबा भरला की निघायचं.

कोलोनला गाडी बदलायची होती. स्टेशनच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि समोर ते कॅथीड्रल, मान मागे टाकली तरी टोक दिसेना. १२४८ मध्ये सुरू झालेलं काम १८८० मध्ये पुरं झालं म्हणे. पण मला आठवतं ते त्यापुढचं कोब्लेंट्स. गावाच्या टोकाला मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते, आणि कोब्लेंट्स हे नावच लॅटिनमधल्या संगम या अर्थाच्या शब्दावरून आलेलं आहे. मी साताऱ्याची. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, लहानपणी आजीचं बोट धरून किती वेळा गेले असेन. त्या टोकाला खाली पाण्यापर्यंत पोचले, हात बुडवला आणि नकळत ते पाणी डोळ्यांना लावलं. इराणी मैत्रीण विचारत होती, हे काय केलंस? तिला सांगताना माझा आवाज भरून आला. परदेशात गेल्यापासून सहा महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा मी मनमोकळी रडले.

आता तुम्ही लिहा.

* * *

ताई, तुम्ही कोब्लेंट्स म्हणालात आणि राहवलं नाही. मी तिथेच शिकलो. २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये जर्मनीत नऊ युरोंचं तिकीट निघालं होतं. नऊ युरोंत महिनाभर सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या. त्यात लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सगळी सार्वजनिक वाहतूक फुकट. म्हणजे कोब्लेंट्स ते लक्झेंबर्ग जाऊन-येऊन वेगळा खर्च शून्य. आम्ही तिघं शनिवारी निघालो. गाडी ट्रीअरला दोन भागांत तुटते, अर्धी लक्झेंबर्गला जाते, अर्धी सारब्रुकेनकडे. डब्यावरच्या पाटीवर ते लिहिलेलं असतं. आम्ही पाटी वाचली नाही, जर्मन घोषणा कळली नाही, आणि मोझेलऐवजी भलतीच नदी सोबत यायला लागली तेव्हा लक्षात आलं. सारबुर्ग नावाच्या गावाला उतरलो. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून गावात चालत गेलो, तर ऐन बाजारपेठेत घरांच्या मधोमध वीसेक मीटरचा धबधबा! खाली पाणचक्की. शेजारी टेबलं मांडून लोक कॉफी पितायत. आम्ही लक्झेंबर्ग सोडून दिलं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. लक्झेंबर्ग पुढच्या शनिवारी केलं. छान आहे, पण सारबुर्गचं नाव काढलं की आम्ही तिघं अजून एकमेकांना फोन करतो.

* * *

जर्मनीतल्या मुलांसाठी एक काळजीचं सांगते. शेंगेन देशांत (आपसांत व्हिसाशिवाय ये-जा करता येणाऱ्या युरोपीय देशांत) हिंडायला जर्मनीचा निवासपरवाना चालतो, पण सोबत पासपोर्टही लागतो. मी जर्मनीतल्या केलहून ट्रामने ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला गेले होते. वीस मिनिटांचा रस्ता, त्यामुळे दुसऱ्या देशात चाललोय असं वाटतच नाही. येताना तपासणी लागली. माझ्याकडे नुसतं परवान्याचं कार्ड होतं, पासपोर्ट खोलीवर. मोबाइलमधला फोटो त्यांनी धरला नाही. तासभर थांबवून, चौकशी करून सोडलं. तो तास फार वाईट गेला. पासपोर्ट घेतल्याशिवाय सीमा ओलांडू नका, अंतर कितीही कमी असो.

* * *

मी कल्याणची. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला शिकत होते. आमच्या शाळेत आनंदीबाई जोशींचा धडा शिकवताना बाई आवर्जून सांगायच्या, ही आपल्या गावची लेक. १८६५ मध्ये कल्याणला जन्म, १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिका, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम. डी., आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने मृत्यू. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. तिची रक्षा नवऱ्याने, गोपाळरावांनी, अमेरिकेत तिला घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली, हे मला माहीत होतं. ती जागा माझ्यापासून दोन तासांवर आहे, हे मात्र दीड वर्ष लक्षात आलं नव्हतं.

गाव पोकीप्सी. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून सुटणाऱ्या मेट्रो-नॉर्थ रेल्वेच्या हडसन लाइनचं अगदी शेवटचं स्टेशन. जाताना डाव्या बाजूच्या खिडकीशी बसा, जवळजवळ सगळा रस्ता हडसन नदी रुळाला लागून असते. ऑक्टोबर होता, पलीकडचे डोंगर लाल-पिवळे झाले होते. स्टेशनपासून दफनभूमीपर्यंत चालत गेले. जागा अफाट मोठी आहे. ऑफिसमधल्या आजींना नाव सांगितल्यावर त्यांनी नकाशावर पेनाने खूण करून दिली.

दगड साधा आहे. वर नाव, पुढे एम. डी., जन्म-मृत्यूची सालं, आणि खाली शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ. अक्षरांच्या खाचांत शेवाळ भरलेलं होतं. मी पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि रुमालाने 'एम. डी.' तेवढं पुसून काढलं. आजूबाजूला सगळे कार्पेंटर मंडळींचे दगड. त्या बाईंना ती मावशी म्हणायची, आणि मावशीने तिला खरोखरच घरच्यांत जागा दिली. मी अर्धा तास उभी होते. माझा थिसिस तेव्हा अडला होता, गाइड महिनोन् महिने उत्तर देत नव्हते, सगळं सोडून परत जावं असं रोज वाटायचं. ते तिला सांगितलं. मोठ्याने, मराठीत. तिथे शेवटचं मराठी कधी कुणी बोललं असेल, कुणास ठाऊक.

येताना नदीवरच्या जुन्या रेल्वे पुलावरून चालले. २००९ पासून तो पायी जाणाऱ्यांसाठी खुला आहे, दोन किलोमीटर लांब. पुलावर वारा होता म्हणून बरं, डोळे लवकर सुकले.

* * *

कल्याणच्या ताई, वाचताना अंगावर काटा आला. तिथे फुलं वाहता येतात ना?
(धागाकर्ती)

हो, मी शेवंतीसारखी पिवळी फुलं नेली होती. कुणी काही म्हणालं नाही.

* * *

मी लातूरचा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली आणि बर्मिंगहॅमला आलो. वडील एस. टी.त कंडक्टर. पहिल्या शनिवारी पहाटेची बस धरून लंडन गाठलं. टॉवर ब्रिज नाही, बकिंगहॅम पॅलेस नाही, थेट चॉक फार्म स्टेशन. तिथून चालत १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये या घरात राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. बाहेरून शेजारच्या घरांसारखंच घर, भिंतीवर निळी गोल पाटी.

मी दाराशी उभा राहून वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. ते ड्यूटीवर निघाले होते, खाकी घातलेली. पाटीवर कॅमेरा धरला. ते काहीच बोलले नाहीत. टोपी काढून काखेत धरली, हात जोडले आणि तसेच थांबले. मागे आई "काय झालं, काय झालं" विचारतीये. मग म्हणाले, "आत जा बाळा, नीट बघून घे."

आत फोटो, पुस्तकं. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. १९२० मध्ये ते पुन्हा आले आणि पुरा करून गेले. माझ्या शिष्यवृत्तीचा हप्ता त्या महिन्यात लांबला होता आणि मी काळजीत होतो. बस धरून रात्री परतलो तेव्हा काळजी होतीच, पण झोप लागली.

* * *

भाचीला सांगा, ब्रिटनमध्ये सोळा ते पंचवीस वयाचं रेलकार्ड काढलं की तिकीट एक तृतीयांशाने कमी होतं. सव्वीसच्या पुढे असली तरी पूर्णवेळ विद्यार्थिनी म्हणून मिळतं. आणि एडिनबरात तर आर्थर्स सीट गावातच आहे, विझलेल्या ज्वालामुखीचा अडीचशे मीटरचा डोंगर. एक पैसा लागत नाही. वारा सोसाट्याचा असतो, कानटोपी घालून जा म्हणावं.

* * *

मी लांब कुठेच गेले नाही, तरी लिहिते.

मेलबर्न, २०१८. विद्यार्थ्यांना पंधरवड्याला चाळीस तास काम करता यायचं, ते सगळे मी शनिवार-रविवार धरून एका बेकरीत करायचे. वर्गातली मुलं ग्रेट ओशन रोडला गेली, फिलिप आयलंडला गेली, मला दर वेळी विचारायची. माझ्या कर्जाला वडिलांनी शेत तारण ठेवलं होतं, मी नाही म्हणायचे. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. त्याचं वाईट वाटलं.

एका रविवारी चारला सुट्टी झाली. हातात न खपलेल्या पावांची पिशवी. घरी जाण्याऐवजी ९६ नंबरची ट्राम धरून शेवटच्या टोकाला, सेंट किल्डाला गेले. समुद्र बघायचा एवढंच मनात होतं. धक्क्यावर माणसं गप्प उभी होती. अंधार पडला तसे दगडांच्या बांधावर पेंग्विन चढायला लागले. आपल्या फूटपट्टीएवढे, निळसर पाठीचे. स्वयंसेवक लाल काच लावलेली बॅटरी धरून होते, पांढऱ्या उजेडाने त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून. एका काकूंनी मला हाताला धरून पुढे घेतलं आणि दगडाच्या फटीकडे बोट दाखवलं. आत एक पिल्लू. करड्या लवीचं, तोंड उघडून ओरडत होतं, आणि दिवसभर समुद्रात राहून आलेली त्याची आई, की बाप, ओल्या अंगाने धडपडत वर येत होता.

बाबांना तिथूनच फोन लावला. आपल्याकडे दुपार होती, ते बांधावरच होते. "कसला आवाज येतोय गं?" म्हणाले. मी फोन त्या फटीजवळ धरला.