नॉर्डलिंगनची तटबंदी म्हणजेच विवराचा काठ आहे का?

पायवाट (प्रश्न):
म्युनिकमध्ये मुलीकडे आलो आहोत आणि तेथून बव्हेरियातील नॉर्डलिंगन पाहण्याचा विचार आहे. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत गावाची तटबंदी कंपासने काढल्यासारखी गोल दिसते आणि हे गाव उल्कापाताच्या विवरात वसले आहे, असेही सर्वत्र वाचायला मिळते. लोणार दोनदा पाहिले असल्याने तट विवराच्या काठावरच बांधला असावा, असे माझ्या मनाने घेतले आहे. हे बरोबर आहे का? शिवाय नॉर्डलिंगन एवढे प्रसिद्ध असताना जिल्ह्याचे मुख्यालय डोनाउवर्थला का?

खडकवेडा:
गाव विवरात आहे हे खरे, तट गोल आहे हेही खरे. मात्र या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. तटाचा घेर सुमारे २.७ किलोमीटर, म्हणजे व्यास एक किलोमीटरही भरत नाही. गाव ज्यात वसले आहे त्या रीस विवराचा व्यास मात्र सुमारे २४ किलोमीटर आहे आणि लोणारचा दोन किलोमीटरांच्या आतच. लोणारच्या काठावर उभे राहिले की समोरचा काठ दिसतो. येथे मात्र आपण विवरात उभे आहोत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आघात सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी झाला, मग खड्ड्यात तळे साचले, ते गाळाने भरले आणि आज तेथे सपाट, सुपीक शेतजमीन आहे.

पूर्वी यास ज्वालामुखीचे काम समजत. १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या भूवैज्ञानिकांना येथील दगडात कोएसाइट, म्हणजे प्रचंड दाबाखालीच तयार होणारे क्वार्ट्झचे रूप, सापडले. एवढा दाब उल्केच्या आघातातच निर्माण होतो, म्हणून ज्वालामुखी की उल्का हा वाद मिटत गेला. पुढे १९७० मध्ये अपोलो मोहिमेचे अंतराळवीर दगड ओळखायला शिकण्यासाठी येथेच आले होते.

जुना दप्तरी:
तटाचे मूळ राजकीय आहे. नॉर्डलिंगन १२१५ पासून सम्राटाच्या थेट अखत्यारीतील नगर होते. येथील जत्रेचा उल्लेख १२१९ चा आहे, आणि व्यापार वाढला तशी एगर नदीकाठच्या चर्मकारांची व इतर कारागिरांची वस्ती जुन्या तटाबाहेर पसरली. तिला आत घेण्यासाठी १३२७ मध्ये सम्राट लुडविगच्या आज्ञेने नवा तट सुरू झाला. जुन्या तटाची रेषा आजही आतल्या वर्तुळाकार रस्त्यांत दिसते. तीस वर्षांच्या युद्धातील १६३४ च्या येथील लढाईत स्वीडनच्या बाजूचा मोठा पराभव झाला आणि गावही पडले. त्यानंतर व्यापाराची उतरती कळा लागली. माझ्या मते १३२७ चा हा तट वाचला तो बराचसा या गरिबीमुळेच, कारण तो पाडून विस्तार करण्याइतका पैसा आणि माणसे गावात नव्हती.

जिल्ह्याचे उत्तर सरळ आहे. १ जुलै १९७२ च्या पुनर्रचनेत डोनाउवर्थ व नॉर्डलिंगन हे जिल्हे आणि तोवर स्वतंत्र असलेले नॉर्डलिंगन शहर एकत्र आले. डोनाउवर्थ वर्नित्स आणि डॅन्यूब यांच्या संगमावर आहे, मुख्यालय तेथे गेले. नॉर्डलिंगनकरांची गाड्यांच्या नंबरपाटीवरील जुनी अक्षरेही गेली, ती २०१३ मध्ये परत मिळाली.

पायवाट:
आभारी आहे. म्हणजे खरा काठ पाहायचा तर कोठे जावे?

खडकवेडा:
सेंट जॉर्ज चर्चच्या ‘डानिएल’ मनोऱ्यावर चढा. उंची सुमारे ९० मीटर, पायऱ्या साडेतीनशेच्या घरात. क्षितिजावर शेते संपून झाडीची जी ठेंगणी कड सुरू होते, तोच काठ. चढण्यापूर्वी मनोऱ्याचा दगड जवळून पाहा: राखाडी रंगाचा, मधूनमधून काळसर काचेचे चपटे तुकडे अडकलेला. हा सुएव्हाइट, आघाताच्या वेळी वितळलेल्या आणि फुटलेल्या खडकांचा बनलेला. मुक्काम केलात तर रात्री दहानंतर मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याची ‘झो, क्झेल, झो’ ही हाळी ऐकायला चौकात थांबा.