हिपॅटायटिस बी विषाणूवरून प्राचीन स्थलांतरांच्या तारखा काढता येतात का?

जनुकवाट
जेनबँकेतून (जनुकीय क्रमांचा सार्वजनिक संग्रह) हिपॅटायटिस बीचे साधारण 300 पूर्ण जीनोम घेतले आहेत, ए ते एच सगळे जीनोटाइप (विषाणूचे जनुकीय प्रकार), नमुने 1980 नंतरचे. मॅफ्ट या प्रोग्रॅमने अलाइनमेंट केलं, म्हणजे सगळे क्रम जागेला जागा जुळवून मांडले, आणि आयक्यू-ट्री या प्रोग्रॅमने वंशवृक्ष काढला. काही सिक्वेन्स (बेसचे क्रम) आपल्याच जीनोटाइपपासून फार लांब जाऊन पडतात. कारण काय? दुसरं, एफ आणि एच मूळ अमेरिकनांमध्ये सापडतात, म्हणून तो फाटा 15,000 वर्षांचा धरून बीस्टमध्ये (वंशवृक्षाला तारखा लावणारा प्रोग्रॅम) बाकीच्या तारखा काढल्या तर चालेल का?

पेशीभित्तिका
लांब पडणाऱ्यांचं आधी बघू. हा जीनोम वर्तुळाकार आहे, जेमतेम 3,200 बेसचा. क्रमांक इको-आर-वन एन्झाइम कापतं त्या GAATTC पासून मोजायचा संकेत आहे, पण सिक्वेन्स जमा करणारे सगळेच तो पाळत नाहीत. मॅफ्टला वर्तुळ कळत नाही, त्यामुळे मधूनच सुरू होणाऱ्या सिक्वेन्सचा अर्धा भाग भलत्याच जागी बसतो. काही विषाणूंत ही कापायची जागाच नसते. अशा वेळी सिक्वेन्स स्वतःलाच पुन्हा जोडून दुप्पट करा, संदर्भ जीनोमचे पहिले 30 बेस त्यात शोधा आणि तिथून एक पूर्ण फेरी कापून घ्या. मग लांबी तपासा: बहुतेक जीनोटाइप 3,215 च्या आसपास, ए 3,221, जी 3,248, डी 3,182. डीमध्ये प्री-एस-वन या भागात (विषाणूच्या आवरणाच्या जीनचा तुकडा) 33 बेस मुळातच नसतात, ती त्रुटी समजून गाळू नका.

यानंतरही कुणी भटकत असेल तर रीकॉम्बिनेशन, म्हणजे दोन विषाणूंच्या जीनोमच्या तुकड्यांची सरमिसळ, बघा. आशियातल्या बऱ्याच बी विषाणूंचा प्रीकोअर-कोअर भाग सीकडून आलेला आहे. जपानमधल्या बी-1 मध्ये तो नाही. अशी सरमिसळ शोधणारा आरडीपी प्रोग्रॅम चालवा, आणि तो तुकडा व उरलेला जीनोम यांचे वेगवेगळे वृक्ष काढा. दोन्हींत जागा बदलणारे सिक्वेन्स तारखांच्या कामातून बाजूला ठेवा.

कालमापक
15,000 वर्षांचा खुंटा मारू नका. स्थलांतराची तारीख आधीच घातली तर उत्तरात तीच फिरून येणार, तो पुरावा होत नाही. शिवाय विषाणूचा फाटा आणि माणसांचा फाटा एकाच वेळी पडला हे गृहीतच आहे. ई जीनोटाइप पाहा: पश्चिम आफ्रिकेत सगळीकडे, पण आतली विविधता अगदी कमी, आणि अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत क्वचितच. म्हणजे आफ्रिकेतला त्याचा फैलाव बहुधा गुलामांच्या व्यापारानंतरचा.

नुसत्या आधुनिक नमुन्यांतून बदलांचा वेगही निघत नाही. प्राचीन जीनोमवरून तो दर जागी दर वर्षी 10⁻⁵ च्या आसपास येतो. 3,200 बेस आणि 40 वर्षं धरली तर एका वंशरेषेत जेमतेम एखादा बदल. एकाच रुग्णाच्या शरीरातली विविधता याहून जास्त असू शकते. त्यातून पॉलिमरेज जीनवर एस जीन पूर्ण चढलेला आहे, त्यामुळे तिथे 'परिणामशून्य' (प्रथिन न बदलणारे) बदल फारसे शिल्लक राहत नाहीत.

जनुकवाट
मग प्राचीन जीनोम घालून बघू?

कालमापक
घाला, तोच मार्ग आहे. 2021 मध्ये 137 प्राचीन जीनोम प्रसिद्ध झाले, सुमारे 10,500 ते 400 वर्षांपूर्वीचे. आज माहीत असलेल्या सगळ्या वंशांचा समान पूर्वज त्यांवरून 20,000 ते 12,000 वर्षांपूर्वीचा येतो, म्हणजे माणसाच्या आफ्रिकेबाहेरच्या प्रवासाच्या कितीतरी नंतरचा. माणूस अमेरिकेत पहिल्यांदा पसरला त्या काळासाठी हा विषाणू उपयोगी आहे, त्याआधीच्या काळासाठी नाही.

मात्र बीस्टच्या आधी टेंपेस्ट या प्रोग्रॅममध्ये वृक्षाच्या मुळापासूनचं अंतर आणि नमुन्याचं वय यांचा आलेख काढा. उतार शून्याजवळ किंवा उलटा आला तर तिथेच थांबा. नेपल्समधल्या सोळाव्या शतकातल्या बालकाच्या ममीतला डी आजच्या डीच्या इतका जवळ निघाला, की त्या अभ्यासात काळाची खूणच मिळाली नाही. उतार बरा आला तरी नमुन्यांच्या तारखा दहा-वीस वेळा आपसांत पिसून बीस्ट पुन्हा चालवा. खऱ्या तारखांचा वेग पिसलेल्यांच्या मर्यादेत पडला तर तो वापरू नका. वयाला कार्बन तारखेची पूर्ण कक्षा द्या, एक आकडा नको. आणि रीड्सच्या (वाचलेल्या डीएनए तुकड्यांच्या) टोकांवरचे, डीएनए जुना होताना सी-चे टी झालेले बेस छाटा, नाहीतर जुन्या फांद्या फुगतात.

पेशीभित्तिका
नागिणीचा नव्हे, ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस-1 चा अनुभवही हेच सांगतो. 2013 मध्ये 31 जीनोमच्या वृक्षात खंडांनुसार सहा गट दिसले, टेक्सासचा एक विषाणू आशियाई गटात बसला. 2022 मध्ये प्राचीन दातांतले जीनोम आले आणि आजच्या प्रकारांचा पूर्वज सुमारे 5,000 वर्षांपूर्वीचा निघाला. गट भूगोलाशी जुळले म्हणून तारीख जुळतेच असं नाही.