नागपूरचा 'स्किन टू स्किन' निकाल : शिव्या घालण्याआधी वाचला होता का कोणी?

संत्रानगरी
ऑफिसच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला, की 'हायकोर्टाने कपड्यावरून हात लावायला परवानगी दिली होती'. अरे कधी? केस अशी होती : डिसेंबर २०१६, नागपूर. एका माणसाने १२ वर्षांच्या मुलीला पेरू देतो सांगून घरी नेलं, छाती दाबली, सलवार काढायचा प्रयत्न केला, आई शोधत आली म्हणून मुलगी सुटली. सेशन्स कोर्टाने पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम ८ खाली, म्हणजे लैंगिक हल्ल्याच्या शिक्षेच्या कलमाखाली, ३ वर्षं दिली. अपिलात नागपूर खंडपीठाने (न्या. पुष्पा गनेडीवाला, १९ जानेवारी २०२१) कपड्यावरून दाबलं, कातडीला कातडी लागली नाही म्हणून कलम ८ काढलं, पण भादंवि (भारतीय दंड विधान) ३५४ (विनयभंग) आणि ३४२ (डांबून ठेवणं) खाली दोषी ठरवलंच आणि १ वर्षाची सक्तमजुरी ठेवली. म्हणजे मुलीवर आणि आईवर कोर्टाने पूर्ण विश्वास ठेवला. माणूस निर्दोष सुटला नव्हता. माझं म्हणणं एवढंच, की किमान ३ वर्षांची शिक्षा असलेलं कलम लावायचं तर ते काटेकोर वाचायला पाहिजे, आणि अपील कोर्ट त्यासाठीच असतं. जनतेचा राग मोजायला नाही.

वऱ्हाडी ठेचा
काटेकोर वाचा ना, कोण नाही म्हणतंय! पण काटेकोर म्हणजे जे लिहिलंय ते. कायद्यात कातडीला कातडी लागली पाहिजे हे कुठं लिहिलंय बे? ते कोर्टाने घरून आणलं.

संत्रानगरी
लैंगिक हल्ल्याची व्याख्या पॉक्सोच्या कलम ७ मध्ये आहे, तिथे 'शारीरिक संपर्क' असे शब्द आहेत. त्याचा अर्थ कोणीतरी लावायचाच ना?

काळा कोट
वकील आहे म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या. कलम ७ चे दोन तुकडे आहेत. पहिल्यात लैंगिक हेतूने मुलाच्या गुप्तांगाला किंवा छातीला स्पर्श करणं (किंवा मुलाकडून तसा स्पर्श करवून घेणं), विषय संपला, तिथे 'शारीरिक संपर्क' हे शब्दच नाहीत. ते येतात दुसऱ्या तुकड्यात, 'इतर कोणतंही कृत्य' म्हणतात त्यासाठी, म्हणजे पहिल्यात न बसणारं काही असेल तर. हायकोर्टाने दुसऱ्या तुकड्यातल्या शब्दांचा अर्थ आधी आकसवला आणि मग तो सरळ छाती दाबण्याला लावला, जे पहिल्या तुकड्यातच बसत होतं. सुप्रीम कोर्टात ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी हेच सोपं करून सांगितलं होतं, की उद्या कोणी सर्जिकल ग्लोव्ह्ज घालून मुलीला चाचपलं तर तो सुटणार का. १८ नोव्हेंबर २०२१ ला लळित, भट आणि बेला त्रिवेदी या तिघांनी निकाल फिरवला आणि ३ वर्षं परत लावली. कायदा संदिग्ध असला तर फायदा आरोपीला हे तत्त्व त्यांनी नाकारलं नाही बरं का, फक्त म्हणाले की आधी संदिग्धता तर असू द्या, कोर्टाने स्वतःच ती तयार करायची नाही.

निमा_पुणे
+१. आणि हेतू विसरलात सगळे. पॉक्सोत लैंगिक हेतू महत्त्वाचा, मध्ये कापड होतं का नव्हतं हे मुलीने उलटतपासणीत सांगत बसायचं का? १२ वर्षांच्या पोरीला विचारणार, टॉप काढला होता का, हात आतून घातला होता का? कारण निकालात हेच म्हटलंय, असा तपशील नाही म्हणून कलम ८ नाही.

संत्रानगरी
तपशील विचारणं क्रूर आहे मान्य, पण समोरचा माणूसही तीन वर्षं आत जाणार आहे. आणि मला वाटतं खरा घोळ किमान शिक्षेचा आहे. जजला शिक्षा कमी करायची मुभा नसली की तो कलमच बारीक करायला लागतो. मुभा ठेवा, व्याख्या कोणी मोडणार नाही.

काळा कोट
हे ऐकायला छान आहे पण या केसला लागू नाही. ३५४ मध्ये तेव्हा १ ते ५ वर्षं होती. गनेडीवालांना ३५४ खालीही ३ वर्षं देता आली असती. त्यांनी अगदी तळाची शिक्षा निवडली. तेव्हा हात बांधलेले होते म्हणून कलम बदललं असं म्हणता येत नाही.

संत्रानगरी
मग शिक्षेवर बोला की, शिक्षा कमी दिली म्हणा. गुन्हा माफ केला असं का पसरवता?

वऱ्हाडी ठेचा
कारण खालच्या कोर्टांना हायकोर्टाचा निकाल बंधनकारक असतो भाऊ. एका आरोपीची दोन वर्षं कमी झाली यावर कोणी रस्त्यावर येत नाही. उद्या प्रत्येक पॉक्सो कोर्टात बचावाचा वकील हाच निकाल घेऊन उभा राहिला असता, काहून नाही राहणार? म्हणून तर आठच दिवसात, २७ जानेवारीला, सुप्रीम कोर्टाने स्टे दिला.

जुनाट_मत
सगळं ठीक, पण त्या बाईंचं, गनेडीवालांचं, काय झालं ते कोणी लिहिलं नाही. त्या ॲडिशनल जज होत्या, म्हणजे अजून कायम न झालेल्या; कॉलेजियमने (जज नेमायची शिफारस करणारं सुप्रीम कोर्टाच्या ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ) कायम करायची शिफारस मागे घेतली, नंतर फक्त एक वर्षाची मुदतवाढ, शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये राजीनामा. चुकीचा निकाल वरच्या कोर्टात फिरवतात, त्यासाठी वरचं कोर्ट आहे. चुकीच्या निकालाने नोकरी जायला लागली तर उद्या पॉक्सोत कोणता ॲडिशनल जज आरोपीला सोडायची हिंमत करेल, पुरावा खरंच कच्चा असला तरी?

निमा_पुणे
एकच निकाल नव्हता. त्याच आठवड्यात अजून एक होता, पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून पँटची चेन उघडी, तिथेही कलम ७ लागत नाही म्हणाल्या. तोही सुप्रीम कोर्टाने फिरवला.

जुनाट_मत
दोन असोत नाहीतर दहा. मी निकालाची बाजू घेत नाहीये, कॉलेजियमला कारण विचारतोय.

काळा कोट
जुनाट, या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत. पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे कलम ७ चालू आहे. आणि संत्रानगरी, त्या दुसऱ्या तुकड्याचं उत्तर अजून दिलेलं नाहीये.